डावी किडनी

फोन आला तेव्हा ती एका गिऱ्हाइकाला त्याच्याच कोटावरचा डाग दाखवत होती. ड्रायक्लीनिंगच्या दुकानात इतकी वर्षं काउंटरमागे उभं राहून ती एक गोष्ट पक्की शिकली होती. कपडा हातात आला की आधी उजेडाकडे धरायचा, आणि जो डाग, जी उसवलेली शिवण, जे लोंबणारं बटण दिसेल त्यावर बोट ठेवून गिऱ्हाइकाला दाखवायचं. नाहीतर तेच गिऱ्हाईक कपडा न्यायला येतं आणि म्हणतं, हे तुमच्याकडे झालं. लोक मुद्दाम खोटं बोलतात असं तिचं म्हणणं नव्हतं. लोकांना आपापले डाग आठवत नाहीत, इतकंच. हा गृहस्थ मात्र जरा उखडलाच होता. डाग त्याला दिसतच नव्हता, किंवा दिसूनही दिसत नसल्याचं तो दाखवत होता, आणि फोन मान आणि खांद्यात धरून ती कोटाची कॉलर त्याच्या नाकासमोर तिरकी करत होती. पलीकडून हॉस्पिटलमधली समन्वयक बोलत होती. देणारा आणि घेणारा यांच्यामध्ये उभं राहून दोघांशी हळू आवाजात बोलणं हेच तिचं काम. ती म्हणाली की भावाचं ऑपरेशन ठरल्याप्रमाणे होणार नाही, तुमची किडनी आता घेता येणार नाही, काही वैद्यकीय कारणं आहेत. ‘वैद्यकीय कारणं’ या शब्दांच्या आधी ती बाई क्षणभर थांबली. तेवढं थांबणं हिनं बरोबर टिपलं. ‘बरं’ म्हणून तिनं फोन ठेवला, कोट घडी करून टोपलीत टाकला आणि गिऱ्हाइकाला म्हणाली, निघेलच अशी खात्री देत नाही.

मागं वाफेच्या इस्त्रीचा फुसफुसाट चालू होता. दुकानात नेहमीचा तो गोडसर, डोक्यात जाणारा वास भरला होता. ती स्टुलावर बसली आणि तिच्या मनात पाल चुकचुकली. कारण ते दोन शब्द तिच्या ओळखीचे होते. त्या शब्दांचं अस्तर तिनं आतून पाहिलेलं होतं. तपासण्या सुरू होण्याआधी त्याच समन्वयक बाईनं तिला एका लहानशा खोलीत एकटीला बसवलं होतं. दोन खुर्च्या, मध्ये कागदी रुमालांचा डबा, खिडकीला जाळी. कुणी दबाव टाकतंय का, असं विचारलं होतं. मग जरा पुढं वाकून सांगितलं होतं, ‘अगदी ऑपरेशनच्या टेबलावर जाईपर्यंत तुम्ही नाही म्हणू शकता. घरच्यांना आम्ही खरं सांगत नाही. वैद्यकीय कारणं आहेत, एवढंच सांगतो. कुणाला कधी कळणार नाही.’ तेव्हा तिला रागच आला होता. आपण काय मध्येच पळ काढणाऱ्यांतल्या आहोत? ‘माझा भाऊ आहे तो,’ ती म्हणाली होती, ‘मी त्याला हातावर वाढवलाय.’ बाईनं मान हलवली होती, पण बाईला ते पटलंय असं त्या मान हलवण्यावरून वाटलं नव्हतं. आता तेच झाकण कुणीतरी वापरलं होतं. आपण तर नाही म्हटलं नाही. मग कोण म्हणालं?

आधी तिनं स्वतःच्या शरीरावरच संशय घेतला, कारण तो सगळ्यांत सोपा होता. खरंच काहीतरी निघालं असेल आणि आपल्याला धक्का बसू नये म्हणून लपवत असतील. दोन दिवस ती पोटाला हात लावून लावून पाहत राहिली. डाव्या बाजूला, बरगडीखाली. तीच घेणार होते. डॉक्टरांनी तसं सांगितल्यापासून तिला ती जागा वेगळी जाणवू लागली होती. अंघोळीच्या वेळी, जिना चढताना, कधीकधी काउंटरवर उभ्याउभ्यासुद्धा. कुणाला तरी द्यायची म्हणून बाजूला काढून ठेवलेली वस्तू जशी घरातून येता जाता दिसत राहते, तशी. आता ती जागा दुखते आहे असं वाटायला लागलं. शेवटी सगळे रिपोर्ट पिशवीत घालून ती गल्लीतल्या नेहमीच्या डॉक्टरकडे गेली. म्हातारा डॉक्टर चष्मा कपाळावर सरकवून एकेक कागद डोळ्यांशी धरत होता, आणि ती कागदाकडे न बघता त्याच्या भुवयांकडे बघत होती. भुवया कुठं थबकतात का. थबकल्या नाहीत. ‘तुमच्या किडन्या तुमच्यापेक्षा तरुण आहेत,’ तो म्हणाला आणि हसला. ते हसणं तिनं घरी येईपर्यंत तपासलं. त्यात तिला काही लपवलेलं सापडलं नाही. म्हणजे पाणी दुसरीकडेच मुरत होतं.

दुसरीकडे म्हणजे भावजयीकडे. तिला तर पहिल्या दिवसापासून हे नकोच असणार. भावजय पोहण्याच्या तलावावर लहान मुलांना शिकवायची. केस कायम ओलसर, अंगाला क्लोरीनचा वास, बोलणं मोजकं. पाण्यात बुडणाऱ्या पोराला सुद्धा ती आरडाओरडा न करता एका हातानं वर काढत असेल, अशी. लग्न होऊन इतकी वर्षं झाली तरी या दोघींमध्ये कधी भांडण झालं नव्हतं, आणि भांडण न होणं हीच तिला खटकणारी गोष्ट होती. न भांडणारं माणूस मनात काय साठवून ठेवतं ते कळत नाही. तपासण्या चालू असताना एकदा भावजयीनं तिला हॉस्पिटलच्या कँटीनमध्ये चहाला नेलं होतं. बराच वेळ कपात चमचा फिरवत राहिली होती. मग म्हणाली होती, ‘ताई, तुम्हाला नक्की द्यायचीच आहे?’ त्या ‘च’वर तेव्हा तिनं लक्ष दिलं नव्हतं. आता तो ‘च’ रात्रंदिवस कानात खुपायला लागला. भावजयीची स्वतःची किडनी जुळत नव्हती, तिचा रक्तगट वेगळा. आपल्या नवऱ्याच्या पोटात आयुष्यभर नणंदेचं काहीतरी राहणार हे तिला सहन होत नसेल. असं म्हणायला कुणाला लाज वाटेल, पण वाटायला काय लाज? आणि मग त्या खोलीत, त्या कागदी रुमालांच्या डब्याशेजारी बसून तिनं काहीतरी सांगितलं असेल. नणंद जरा विक्षिप्त आहे. नणंद एकटी असते. तिचा नवरा का सोडून गेला ते विचारा.

दुकान बंद असण्याच्या दिवशी ती न कळवता भावाच्या घरी गेली. दार भाचीनं उघडलं. आत काहीतरी बोलणं चाललं होतं ते तुटलं. तुटलेलं बोलणं घरात कसं लोंबत राहतं ते तिला ठाऊक होतं. तिच्या स्वतःच्या संसाराच्या शेवटच्या वर्षात सगळं घर तशाच लोंबत्या वाक्यांनी भरलं होतं. भाऊ आतल्या खोलीत झोपला होता. दार लोटलेलं. पूर्वी ती आली की तो झोपेतून उठून बाहेर यायचा. भावजयीनं चहा केला, समोर बसली, ओले केस मागं सारले. तिनं सरळच विचारलं की वैद्यकीय कारण म्हणजे नेमकं काय, कुणी काही सांगितलं का. भावजय म्हणाली, तसंच काहीतरी म्हणाले डॉक्टर, मलाही नीट कळलं नाही. आणि उठून धुतलेला कप पुन्हा धुवायला लागली. झालं, सापडली, असं तिला वाटलं. गिऱ्हाईक डागाकडे न बघता घड्याळाकडे बघायला लागतं तसं. त्या सापडण्यात एक गरम, जवळजवळ सुखाची लहर होती, आणि ती लहर अंगावर घेऊनच ती निघाली.

खाली सोडायला भाची आली. पंधराएक वर्षांची, आईसारखीच कमी बोलणारी. फाटकापाशी तिनं आत्याची बाही धरली आणि जमिनीकडे बघत म्हणाली,

‘आत्या, आईवर रागावू नकोस. आई खूप रडली. बाबांनीच ‘नाही’ म्हणून सांगितलं. तुझी नको म्हणाले.’

‘माझी नको?’

‘तुझी नको,’ ती म्हणाली आणि लगेच वर पळाली, जणू तिच्याच हातून काही फुटलं होतं.

बसमध्ये तिला बसायला जागा मिळाली पण ती उभीच राहिली. डोक्यात काही नव्हतं, फक्त ते ‘तुझी’. किडनी नको असं नाही. तुझी नको. नकार तिला नवा नव्हता. नवरा गेला तेव्हा त्यानं कारण दिलं होतं की या घरात त्याला श्वास घेता येत नाही. तेव्हा ती आठ दिवस अंथरुणात पडून होती, मग उठली आणि सांगत सुटली. शेजारणीला, मालकाला, दुकानातल्या इस्त्रीकाकांना, ओळखीच्या गिऱ्हाइकांना. सांगता सांगता त्या गोष्टीला आकार आला, कुठं थांबायचं, कुठं हसायचं ते ठरत गेलं. ‘श्वास घेता येत नाही म्हणे, खिडक्या तर चार होत्या,’ हे वाक्य आलं की ऐकणारा हमखास हसायचा. वर्षभरात दुःख संपलं आणि गोष्ट उरली. लोक म्हणायचे, बाई खंबीर आहे. तिलाही तसंच वाटायचं. पडल्यावर उभं राहायची तिची ही एकच रीत होती. दुसऱ्याच्या पदरात चूक टाकायची, ती चूक उजेडात धरायची, आणि चारचौघांना दाखवायची. पण आता ही गोष्ट कुणाला आणि कशी सांगायची? मरायला टेकलेला भाऊ माझी किडनी नको म्हणतो, हे वाक्य कुठल्याही बाजूनं सुरू केलं तरी ऐकणारा शेवटी तिच्याकडेच बघणार होता.

डायलिसिसच्या हॉलमध्ये ती गेली तेव्हा तो खिडकीजवळच्या आरामखुर्चीत होता. एका ओळीत तशा खुर्च्या, प्रत्येकीशेजारी एकेक यंत्र, आणि रक्त लाल नळीतून जाऊन लाल नळीतून परत येतंय. तिथं सगळ्यांना थंडी वाजते. सगळे मानेपर्यंत पांघरूण घेऊन, एक हात तेवढा उघडा टाकून पडलेले असतात. तो बस आगारात गाड्यांची वेळापत्रकं लावायचा. आजार वाढल्यापासून अर्धा दिवस जायचा. चेहरा पिवळट, पापण्या सुजलेल्या. तिला पाहून त्यानं आधी दाराकडे पाहिलं, मागून बायको येते आहे का म्हणून. मग म्हणाला,

‘सांगितलं वाटतं पोरीनं.’

तिनं स्टूल ओढलं. वाटेत तिनं बरंच काही बांधून आणलं होतं. ते सगळं बाजूला राहिलं आणि तोंडातून नुसतं ‘का?’ एवढंच बाहेर पडलं. तो यंत्राच्या फिरत्या चाकाकडे बघायला लागला. ती मनात म्हणत होती, आता सांगेल की तिला नको होतं. बायकोला. आता सांगेल.

‘तुझी घेतली तर मी बरा होईन,’ तो म्हणाला.

‘मग?’

‘मग तू सांगत राहशील.’

तो रागानं बोलत नव्हता. राग असता तर तिला काहीतरी धरायला मिळालं असतं. थकलेला माणूस बोलतो तसं, मध्ये श्वास घेत, तो बोलत होता. तापाची गोष्ट, तो म्हणाला. ती त्याच्या लग्नात सांगितलीस. सासऱ्यांना पहिल्यांदा भेटलो तेव्हा सांगितलीस. माझ्या ऑफिसातल्या लोकांना सांगितलीस, माझ्या मुलीला तर पाळण्यात असल्यापासून सांगतेस. आई गेल्यानंतरचं वर्ष, वडील रात्रपाळीला, मला ताप, डोळे फिरलेले, लिफ्ट बंद, आणि तू पंधरा वर्षांची पोर मला पाठुंगळी घेऊन पाच मजले उतरलीस आणि पावलं रक्ताळेपर्यंत हॉस्पिटलपर्यंत चालत गेलीस. दर वेळी ऐकताना लोक माझ्याकडे बघतात. मग मी काय करायचं? मी मान खाली घालतो. आता माझे केस पिकले, ताई. मी अजून तुझ्या पाठीवरून उतरलेलोच नाही.

ती म्हणाली की मी काय खोटं सांगते का.

‘लिफ्ट चालू होती,’ तो म्हणाला.

‘काय?’

‘त्या दिवशी लिफ्ट चालू होती. मी शुद्धीत होतो. लिफ्टमध्ये आरसा होता, त्यात मी तुझ्या खांद्यावरून माझं तोंड पाहिलं, लाल झालेलं. मी कधी बोललो नाही. तू इतकं छान सांगायचीस.’

नर्स आली, त्याचा रक्तदाब बघून गेली. तो पुढं म्हणाला की तू मला वाढवलंस हे मला माहीत आहे, ते नसतं तर मी नसतो, पण म्हणूनच नको. परक्याची मिळाली तर घेईन. नाही मिळाली तर असंच चालेल तितकं चालेल. तू दिलेलं मी पोटात घेऊन नाही जगू शकत. असं म्हणून त्यानं डोळे मिटले. खरंच झोपला की संभाषण बंद केलं, ते तिला कळलं नाही. तिनं त्याच्या पापण्यांकडे निरखून पाहिलं. पापण्या हलत होत्या. पण झोपेतही हलतात.

बाहेर पडताना तिला पहिला विचार आला तो हा, की त्याला हे कुणीतरी पढवलंय. इतकं नीट वाक्य तो स्वतःहून बोलायचा नाही. दुसरा विचार आला की आजारानं डोक्यावर परिणाम झाला असेल, रक्तात विष साचतं तेव्हा भलभलतं आठवतं म्हणतात. तिसरा विचार आला तेव्हा ती रस्त्याच्या मध्येच थांबली आणि एका सायकलवाल्यानं तिला शिवी घातली. लिफ्ट खरंच चालू असेल तर? तिनं आठवायचा प्रयत्न केला. जिना आठवत होता. कठड्याचं थंड लोखंड, प्रत्येक मजल्यावरचा पिवळा दिवा, त्याची हनुवटी खांद्यावर टोचत असलेली, गुडघ्यातली कळ. पण हे सगळं त्या दिवसाचं, की सांगता सांगता जमा झालेलं? त्या जिन्यावरून ती हजार वेळा उतरली होती, दुधाला, शाळेला. कुठल्याही दिवशीचा कठडा थंडच असणार. आणि पावलं रक्ताळली होती का? चपला नव्हत्या का पायात? असायला काय हरकत होती? इतकी वर्षं ती दुसऱ्यांचे कपडे उजेडाकडे धरत आली. हे एक वस्त्र मात्र तिनं कधी तपासलं नव्हतं. त्याला नुसती इस्त्री करत राहिली होती.

दोन दिवसांनी ती त्या जुन्या इमारतीत गेली. काय मिळणार तिथं, हे तिला कळत होतं, तरी पाय गेले. दारावरच्या माणसानं कुणाकडे म्हणून विचारलं. तिनं तोंडाला येईल ते नाव सांगितलं आणि आत शिरली. लिफ्ट नवी होती, पोलादी, चकचकीत. आत मागच्या बाजूला आरसा होता, पण नव्या लिफ्टमध्ये आरसा असतोच. जुनीत होता की नाही हे हा आरसा कसा सांगणार? ती जिन्यानं वर गेली. पाचव्या मजल्यावर त्यांच्या जुन्या दारासमोर कुणा परक्याच्या मुलांचे बूट पडले होते. तिथून ती उतरायला लागली, पाठीवर ओझं असल्यासारखी थोडी वाकून, आणि मनातून स्वतःवर नजर ठेवत, की शरीर काही सांगतंय का. तिसऱ्या मजल्यापर्यंत गुडघे बोलायला लागले. पण तिचे गुडघे आता कुठल्याही जिन्यावर बोलत. खाली पोचली तेव्हा हाती काही लागलं नव्हतं. एकच गोष्ट तिला पक्की आठवली, आणि ती तिनं कधी कुणाला सांगितली नव्हती. हॉस्पिटलच्या बाकावर तो झोपला आणि आता घरी आईची हाक कधीच ऐकू येणार नाही याची तिला इतकी भीती वाटली की तिनं त्याला मुद्दाम चिमटा काढून उठवलं. तापानं फणफणलेल्या पोराला. कुणीतरी जागं असावं म्हणून. तो रडायला लागला आणि तिला बरं वाटलं. म्हणजे त्या दिवशी कोण कुणाला धरून होतं?

मग बरेच दिवस ती तिकडं गेली नाही. दुकानात येत होती, डाग दाखवत होती, पण आवाज उतरला होता. कधी कधी काउंटरवरच्या माणसाला डाग दिसत नसेल तर ती आग्रह धरत नसे. मालकाच्या ते लक्षात आलं. तो एकदा म्हणालाही की असं केलंत तर लोक आपल्या डोक्यावर बसतील. भाऊ आपल्याला तोडतोय असं सकाळी वाटायचं. दुपारी वाटायचं की तो आपल्याला जपतोय, चिरफाड होऊ नये म्हणून हे सगळं नाटक करतोय, लिफ्टसुद्धा त्यानं त्यासाठीच रचली. हा दुसरा संशय पहिल्यापेक्षा गोड होता आणि म्हणून तिला तो जास्त धोक्याचा वाटला. तो खरा मानला की लगेच त्याची गोष्ट तयार होणार होती. भाऊ मरणाच्या दारात, तरी बहिणीचं अंग कापू देईना. ती गोष्ट किती चालली असती! तोंडाशी आलेली तिनं गिळली.

एक दिवस इस्त्रीकाकांनी, हातातली पँट फळीवर उलटवत, सहज विचारलं, ‘भावाच्या ऑपरेशनचं कुठवर आलं, बाई?’ काका जुने. तिच्या नवऱ्याची गोष्ट त्यांनी इतक्यांदा ऐकली होती की चार खिडक्यांच्या ठिकाणी ते तिच्याआधी हसायचे. त्यांनी इस्त्री उभी केली, ऐकायची तयारी म्हणून. वाफ फुस्स करून बसली. तिच्या जिभेवर दोन्ही गोष्टी एकदम आल्या, भाऊ दुष्ट असलेली आणि भाऊ देव असलेली.

‘होणार नाही,’ ती म्हणाली. ‘तो नको म्हणाला.’

काका वाट बघत राहिले. पुढं काही आलं नाही. त्यांनी पुन्हा इस्त्री उचलली आणि थोड्या वेळानं, पँटची घडी जुळवत, म्हणाले की माणसाचं आपलं काहीतरी असतं. ती मागं जाऊन कपड्यांच्या रांगांमध्ये उभी राहिली. प्लॅस्टिकखाली परक्यांचे कोट नुसते टांगलेले. गालावरून पाणी आलं ते तिनं पुसलं नाही. आठ दिवस अंथरुणात पडली होती तेव्हाही ती अशी रडली नव्हती. तेव्हा प्रत्येक हुंदक्याला कुणीतरी ऐकणारं मनात होतं.

त्यानंतरच्या सुटीच्या दिवशी ती डायलिसिसला गेली. हातात काही नेलं नाही. ते फार अवघड गेलं. वाटेत दोनदा दुकानांपाशी पाय थांबले, मोजे घ्यावेत, एखादं मासिक घ्यावं. भावानं तिला दारातच पाहिलं आणि त्याचा चेहरा मिटला.

‘मन वळवायला आलीस?’

‘नाही.’

‘तिनं पाठवलं तुला?’

‘कुणी नाही पाठवलं. आज दुकान बंद असतं.’

त्यानं तिच्याकडे पाहिलं. ती नजर तिला अगदी ओळखीची वाटली. ती स्वतः लोकांकडे तसंच बघायची. हा माणूस आपल्यावर संशय घेतो आहे, आणि त्याला तो घेऊ द्यायला हवा. दुसरा काही इलाज नाही. ती बसून राहिली. मांडीवरच्या हातांचं काय करावं ते कळेना. मध्येच त्याच्या पायात गोळा आला, तो विव्हळला, आणि ती उठायच्या आधी नर्स धावत आली. पुढच्या वेळीही तो तिला विचारत राहिला की काही काम होतं का. त्याच्या पुढच्या वेळी विचारलं नाही. एकदा यंत्र चालू असताना त्याला थंडी भरून आली. पांघरूण घसरलेलं होतं. तिचे हात शिवशिवले. ‘वर घेऊ?’ तिनं विचारलं. त्यानं जरा विचार केला आणि नको म्हणाला, आणि मोकळ्या हातानं स्वतःच ओढून घेतलं, वेडंवाकडं. तिला लागलं. पण ते लागणं त्या स्टुलावर बसल्याबसल्या, कुणालाही न सांगता, हळूहळू कमी झालं. त्याला किती वेळ लागला ते तिनं पाहिलं नाही. ते कमी होतं, एवढंच तिच्यासाठी नवं होतं.

किडनी पुढच्या वर्षी मिळाली. कुणीतरी अनोळखी माणूस अपघातात गेला होता. त्याच्या घरच्यांनी द्यायचं ठरवलं, आणि यादीत भावाचा नंबर लागला. फोन भावजयीला आला आणि भावजयीनं त्यानंतरचा पहिला फोन तिलाच केला, हे तिला नंतर कळलं. तेव्हा मात्र तिला वाटलं होतं की आपल्याला सगळ्यांत शेवटी कळवतात. ऑपरेशन चालू असताना त्या दोघी बाहेरच्या बाकावर बसल्या. भावजय घाईत तलावावरून तशीच आली होती, केसांतून पाणी गळत होतं. ही मात्र त्या मेलेल्या माणसाचा विचार करत होती. त्याच्यावर ती चिडली होती. त्यानं न मागता, न सांगता दिलं होतं, त्याचे आभारसुद्धा कुणी मानू शकणार नव्हतं, आणि म्हणूनच ते घेतलं गेलं होतं. त्या माणसाचं काय चुकलं होतं? काहीच नाही. तरीही. मग तिला कँटीनमधला तो ‘च’ आठवला आणि तिनं इतक्या दिवसांनी विचारूनच टाकलं की तेव्हा तू मला असं का विचारलंस. भावजयीला आधी आठवेना. मग म्हणाली, ‘ते नको म्हणणार, हे मला तेव्हाच दिसत होतं. तुम्हाला लागेल म्हणून विचारलं. तुमच्याकडूनच ‘नाही’ आलं तर बरं, असं वाटलं.’ हे खरं की आता जुळवलेलं? तिनं भावजयीच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं. काही सांगता येईना. संशय तिथंच बसून राहिला, दोघींच्या मध्ये, आणि तिनं त्याला राहू दिलं. थोडं सरकून तिनं आपली शाल भावजयीच्या ओल्या खांद्यांकडे केली. भावजयीनं ती घेतली.

तिसऱ्या दिवशी लांबून भेटायला परवानगी मिळाली. तोंडाला मास्क, पायात कापडी पिशव्या, मध्ये काच. काचेपलीकडे तो अंथरुणावर थोडा उंच बसला होता, आणि चेहऱ्याचा रंग खरंच पालटला होता. तिला तो रंगही आधी दिव्याचा असेल असं वाटलं. तिला ओळखायला त्याला क्षणभर लागला, मास्कमुळे असेल. मग हात उचलला. बोलावणारा नाही, निरोपाचाही नाही, नुसता उचललेला. तिनंही उचलला. शेजारी एक नवी नर्स उभी होती, तरणीशी, आनंदी चेहऱ्याची. तिनं विचारलं की तुम्ही कोण त्यांच्या. बहीण, ती म्हणाली.

‘अय्या, म्हणजे तुम्हीच दिली का?’

काचेपलीकडे तो त्यांच्याकडेच बघत होता. आवाज पलीकडे जात नव्हता, पण नर्सचा चेहरा त्याला दिसत होता, आणि बहिणीचे मास्कवरचे डोळेही. काय सांगते आहे ही, असं तो बघत होता.

‘नाही,’ ती म्हणाली. ‘मी नुसती भेटायला आलेय.’